पंडित बसला की यंत्र थांबायचं

चहा अर्धाच प्यायचा. उरलेला खिडकीच्या कठड्यावर ठेवायचा आणि विसरायचा. पेन्सिलीला दोन्हीकडून टोक काढायचा. चप्पल टाचेखाली दाबून फटफटत चालायचा. दाराला कडी लावून निघाला की दहा पावलांवरून परत यायचा आणि कडी ओढून बघायचा. बोलताना शर्टाचं वरचं बटण फिरवत राहायचा. त्या बटणाला आई दर सुट्टीत नवा दोरा घालायची. कुणी ‘बस’ म्हटलं की ‘बसतो ना’ म्हणायचा आणि उभाच राहायचा.

पंडित सटवाजी खिल्लारे. राहणार पूर्णा. बाप सटवाजी रेल्वेत सांधेवाला. कुठली गाडी कुठल्या रुळावर घ्यायची, त्याप्रमाणे सांधा बदलायचा. आई पंचफुला सुगीत लोकांच्या शेतात कापूस वेचायची. घरात बुद्धाची तसबीर, तिच्याशेजारी बाबासाहेबांची, आणि दोन्हींच्या खाली पंडितचं गुणपत्रक चिकटवलेलं. ते पिवळं पडलं तरी सटवाजीनं काढू दिलं नव्हतं.

रंगनाथची आणि त्याची ओळख औरंगाबादच्या वसतिगृहातली. खोली एक, बादली एक. रंगनाथ मराठी घेऊन बी. ए. झाला आणि परभणीला पाऊस-पीक नोंदणी केंद्रात टंकलेखक म्हणून चिकटला. पंडित विज्ञान घेऊन सुटला तो थेट हैदराबादला, कॉम्प्युटर बनवणाऱ्या एका कंपनीत. सुट्टीला आला की परभणीच्या स्टेशनावर उतरायचा, रंगनाथला गाठायचा आणि बाजारातून चालत चालत यंत्राच्या गोष्टी सांगायचा. रंगनाथला त्यातलं कळायचं थोडं. पण मित्राचा चेहरा बघायला मजा यायची.

अठ्ठ्याहत्तर साली केंद्राला कॉम्प्युटर मंजूर झाला. तालुक्या-तालुक्याचा पाऊस, पेरा, उतारा, सगळं त्यात भरायचं होतं. कंपनीतले लोक म्हणाले, परभणी? तिथं धूळ, ऊन, विजेचा भरवसा नाही. औरंगाबादला ठेवा. पंडित उभा राहिला आणि म्हणाला, चालेल. मी जातो सोबत. जबाबदारी माझी.

यंत्र आलं. दोन कपाटांएवढं. त्याच्यासाठी काचेची खोली केली. वीज बेभरवशाची म्हणून अंगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये डिझेलचा जनरेटर बसवला. यंत्र दिवसभर त्याच्यावरच चालायचं. जनरेटरवर आश्रुबा नावाचा माणूस रोजंदारीनं घेतला. चारठाण्याला पिठाच्या गिरणीचं इंजन चालवण्यात त्याची उमर गेली होती. अंगभर डिझेलचा वास, कानाला कायम उपरणं.

आणि यंत्र अडखळायला लागलं.

चालता चालता मध्येच थांबायचं. कोपऱ्यातला टेलिप्रिंटर खडखड करून एक ओळ छापायचा. ओळ दरवेळी तीच. डिस्कनं वेळेत उत्तर दिलं नाही. सकाळपासून भरलेली बेरीज पाण्यात.

“पण म्हणजे होतं काय?” रंगनाथनं एकदा विचारलं.

पंडित खोलीत येरझारा घालत होता. “यंत्राच्या पोटात एक कारभारी असतो बघ. कुणी कधी काय करायचं ते तो ठरवतो. त्याला आम्ही कर्नेल म्हणतो. आता कारभाऱ्याच्या हाताखाली एक माणूस, त्याचं काम फक्त डिस्ककडं बघायचं. तो ड्रायव्हर. म्हणजे माणूस कसला, आम्ही लिहिलेल्या सूचनाच. डिस्क म्हणजे तबकडी, ती गरगर फिरायलीय. ड्रायव्हर म्हणतो, अमका आकडा दे. आकडा फिरत फिरत समोर आला की डिस्क देती. ठरल्या मुदतीत दिला नाही, की ड्रायव्हर बोंब मारतो. तेच हे. टाइमआउट.”

“मग डिस्क बिघडली.”

“बदलली की. दोनदा.”

“मग ड्रायव्हर बिघडला. कुणी लिहिला तो?”

पंडितनं बटण फिरवलं. “मी.”

त्या दिवसापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. त्यानं तारा बदलल्या. हैदराबादहून सर्किटची नवी पाटी मागवली, बसवली, परत जुनी बसवली. काचेच्या खोलीतली धूळ ओल्या फडक्यानं स्वतः पुसली. वीज तर पहिल्याच दिवशी तपासली होती. परभणीत काहीही बंद पडलं की माणसं एकच म्हणायची, व्होल्टेज. पंखा फिरेना, व्होल्टेज. रेडिओ खरखरला, व्होल्टेज. तोंड आलं तरी व्होल्टेज म्हणतील अशी माणसं. म्हणून भिंतीवर मोठा मीटर लावला होता. जनरेटरवर विजेचा जोर सांभाळणारा डबा होता. मीटरचा काटा दोनशेतीसवरून हलत नव्हता. विजेवरचा आळ तिथंच गेला.

राहिला ड्रायव्हर. लांबलचक घडीच्या कागदावर तो छापून घेतलेला होता. पंडित तो उभ्यानं वाचायचा, चालत वाचायचा. फारच गुंता झाला तर खुर्चीच्या कडेला टेकायचा आणि त्यावर वाकायचा. आणि नेमकं तेव्हाच, मागं, टेलिप्रिंटर खडखडायचा.

ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती. केंद्राचे प्रमुख दिनकरराव पाहुणे घेऊन आले की यंत्र शहाण्या लेकरासारखं चालायचं. रंगनाथ आकडे भरत असला तरी चालायचं. पंडित शोध घ्यायला बसला की थांबायचं.

एकदा तालुक्याचे लोक बघायला आले होते. ते गेले आणि पंडित कागद घेऊन बसला. यंत्र थांबलं.

“खिल्लारे,” दिनकरराव हसत म्हणाले, “तुमचा हात लागला की बिघडतंय बघा हे.”

दिनकररावांच्या मनात काही होतं की नव्हतं, कुणास ठाऊक. शिपायानं मात्र उगाच खिडकी उघडली. पंडितनं कागदाची घडी घातली, परत उलगडली. संध्याकाळी स्टेशनपर्यंत चालत गेले तेव्हा रंगनाथनं विषय काढला. पंडित म्हणाला, “गाडी लेट हाय वाटतं आज.”

मग हैदराबादहून ट्रंक कॉल आला. कंपनीचे मोठे इंजिनिअर, राव साहेब, शुक्रवारी येणार. दोष सापडला तर ठीक. नाही तर यंत्र ट्रकवर चढवून परत.

“गेलं की संपलं, रंग्या,” पंडित म्हणाला. “परत कुणी या बाजूला यंत्र पाठवणार न्हाई. म्हणतील, पाठवलं होतं एकदा. आणि सोबत एक माणूसही पाठवला होता.”

त्या आठवड्यात त्याचे गाल बसले. पंचफुला पूर्णेहून सकाळच्या पॅसेंजरनं डबा पाठवायची; ओळखीचा गार्ड तो परभणीला उतरवायचा. डबा तसाच परत जायला लागला. गुरुवारी पंचफुलानं डब्यासोबत गार्डाजवळ निरोप पाठवला: रंगनाथला म्हणावं, तुझ्या दोस्ताच्या नरड्याखाली घास गेला न्हाई तर मी सोता येते.

रंगनाथनं काचेच्या खोलीबाहेर टेबलावर डबा सोडला. ज्वारीची भाकरी, ठेचा, दह्यातला कांदा. आत यंत्र दिवसाच्या बेरजा करत होतं.

“बस.”

“बसतो ना.”

“पंड्या, आज तू बुड टेकवून खाल्ल्याशिवाय मी इथून हलणार नाही. तुझी माय आली तर पहिली मला झोडपील.”

पंडित बसला. भाकरी मोडली. ठेचा लावला. घास तोंडात घातला आणि टेलिप्रिंटर खडखडला.

तो तसाच उठला. घास गालात. काचेतून आत बघितलं, आत जाऊन यंत्र पुन्हा सुरू केलं, बाहेर आला. उभा राहिला. यंत्र चालू. रंगनाथनं खांदा धरून त्याला परत बसवलं. दुसरा घास. खडखड.

या वेळी पंडित यंत्राकडं गेला नाही. त्यानं मान वाकडी केली. हातातली भाकरी खाली ठेवली.

“रंग्या, ऐक.”

“काय ऐकू?”

“इंजन.”

रंगनाथला नेहमीची धडधड ऐकू आली. पंडित उठला. धडधड जरा दाटली. पंडित बसला. धडधड सैल पडली, दोन ठोक्यांत श्वास घेतल्यासारखी. पंडित उठला. दाटली. बसला. सैल. तो असा उठबस करत राहिला. सहा महिने झोप नसलेला माणूस. गेलं डोकं, रंगनाथला वाटलं.

“पंड्या, पाणी पी.”

पंडित खिडकीशी गेला. अंगणापलीकडं शेडच्या खिडकीत आश्रुबा उभा होता. एक हात इंजनाच्या दांड्यावर. डोळे थेट यांच्या खोलीवर.

दोघं अंगण ओलांडून गेले.

“मामा,” पंडितनं मोठ्यानं विचारलं, “इंजन कमी-जास्ती तुमी करायलाव?”

“मीच की.”

“का?”

आश्रुबानं कानावरचं उपरणं सारलं. “तुमी इचार करायला बसता न्हवं. ही लय धडधड. अशात डोस्कं कसं चालावं माणसाचं? म्हून तुमी टेकलाव की मी कमी करतो. उठलाव की वाढवतो. गिरणीत मालक दुपारचा लवंडला की असंच करायचो. मालक खूश असायचा.” मग त्याचा आवाज उतरला. “काय चुकलं का साहेब?”

पंडित इंजनाकडं बघत राहिला. मग हसायला लागला. हसता हसता शेडच्या पत्र्याला टेकला, आणि हसणं थांबलं तसा तिथंच उभा राहिला.

“न्हाई मामा,” तो म्हणाला. “काय सुदिक चुकलं न्हाई तुमचं.”

परत येताना त्यानं रंगनाथला समजावलं. भिंतीवरचा काटा विजेचा जोर दाखवतो. वेग दाखवत नाही. इंजन हळू झालं तरी जोर सांभाळणारा डबा काटा जागेवर धरून ठेवतो. पण डिस्कची मोटर इंजनाच्या वेगानं फिरते. इंजन हळू, की डिस्क हळू. ड्रायव्हर मात्र आपल्याच तोंडानं भराभर आकडे मोजत असतो. त्याचे आकडे संपले, डिस्क अजून वाटेतच.

“म्हणजे सापडलं!” रंगनाथ ओरडला.

“सापडलं.” पंडित चप्पल फटफटत चालत होता. “ती मुदत मीच कापत आणली होती. हैदराबादेत वीज सरळ. यंत्र जलद दिसावं म्हणून एवढीशी ठेवली. पाठ थोपटली होती माझी त्यावर. आता बघ, आमचे बाबा गाडीची वाट बघतात. गाडी येईल तेव्हा सांधा. मी शंभर म्हणेपर्यंत आली न्हाईस तर तू मेलीस, असं धोरण बाबांनी धरलं असतं, तर पूर्णेत आजवर एक गाडी आली नसती.”

दिनकररावांना कळलं तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. “घ्या! म्हणजे हा आश्रुबा! सहा महिने आमच्या नाकात दम. त्याला आजच्या आज काढतो. रोजंदारीवरचा तर हाय. रंगनाथ, कागद चढवा. लिहा: जनरेटर-चालकाच्या हलगर्जीपणामुळे...”

रंगनाथनं कागद चढवला. त्याला बरं वाटत होतं. यंत्र राहणार. मित्राचं नाव धुऊन निघणार. बोटं कळांवर ठेवली.

“ते लिहू नका साहेब,” पंडित म्हणाला.

“का बरं?”

“इंजन उद्या दुसऱ्या कुणाच्या हातानं हळू होईल. डिझेलमध्ये कचरा आला तरी होईल. वाट बघणाऱ्यानं वाट बघायला पाहिजे. चूक ड्रायव्हरात आहे.”

“ड्रायव्हर तुमचा.”

“माझा.”

“अहो खिल्लारे, तुमची मान सुटायलीय यातून! कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय.”

दिनकरराव म्हणाले, “तुमची मर्जी,” आणि आपल्या खोलीत गेले.

रंगनाथनं दार लोटलं. “वेडा झालास का? इंजन आश्रुबानंच कमी केलं ना? खोटं लिहा असं कुणी म्हणतंय का?”

“अर्धं खरं आहे ते. उरलेलं अर्धं माझं आहे.”

“मग दोन्ही लिही.”

“दोन्ही लिहिलं की वाचणारा खालच्या माणसाचंच नाव उचलतो. त्याला काढलं तर या वयात इंजन कोण देईल हातात? आणि कशासाठी? मला शांतता मिळावी म्हणून त्यानं ते केलं.”

“आणि दिनकरराव म्हणाले होते ते? हात लागला की बिघडतं? विसरलास?”

पंडितचा हात बटणाकडं गेला आणि थांबला. “विसरलो न्हाई. म्हणूनच ते दुसऱ्या कुणाच्या हातावर ढकलणार न्हाई. लिही. दोष ड्रायव्हर-प्रोग्रामातील प्रतीक्षा-मुदतीचा. लिहिणारा, पंडित सटवाजी खिल्लारे.”

रंगनाथनं लिहिलं. टंकताना दोन अक्षरं चुकली. त्याची सहसा चुकत नसत.

मग पंडित दुरुस्तीला लागला. उभ्यानंच, टेबलावर कागद पसरून. ड्रायव्हर तीन ठिकाणी वाट बघत होता. डिस्कवरून वाचताना. डिस्कवर लिहिताना. आणि एखादं काम फसलं तर तेच पुन्हा करून बघताना. तिन्ही ठिकाणची आकडेमोड काढून टाकायची. त्याऐवजी डिस्कवरची खूण बघायची, जी दर फेऱ्याला एकदा समोरून जाते. स्वतःच्या तोंडानं मोजायचं नाही, डिस्कचे फेरे मोजायचे. डिस्क हळू फिरली तर फेरेही हळू येतील आणि ड्रायव्हर तेवढा थांबेल.

“आणि डिस्क बंदच पडली तर? हा बसला जन्मभर फेरे मोजत,” रंगनाथ म्हणाला.

“शाबास! मराठी घेऊन वाया गेलास. त्याला वेगळी मोठी मुदत ठेवलीय.”

पहिली जागा झाली. दुसरी झाली. एवढ्यात शुक्रवार उजाडला आणि राव साहेबांची जीप अंगणात आली. मागं मोकळा ट्रक.

राव साहेब बुटके, शांत. आल्या आल्या म्हणाले, “क्या खिल्लारे, मिला?”

“मिला साहब.”

पंडितनं यंत्र सुरू केलं आणि खिडकीतून हात हलवला. आश्रुबाला आधीच सांगून ठेवलं होतं. तरी तो दांड्याला हात लावेना. शेवटी रंगनाथ पळत गेला.

“मामा, कमी करा!”

“मोठे साहेब बघायलेत की.”

“त्यांनाच दाखवायचंय. करा!”

धडधड सैल पडली. आणखी सैल पडली. रंगनाथ परत आला तेव्हा खोलीत सगळे टेलिप्रिंटरकडं बघत होते. यंत्र वाचत होतं, लिहीत होतं, सावकाश. टेलिप्रिंटर गप्प होता. पंख्याची पाती मोजता येतील इतकं इंजन मंदावलं, तरी गप्प. मग एकदाच खडखडला. बेरजा छापून संपल्या होत्या.

दिनकररावांनी टाळी वाजवली. राव साहेबांनी नाही. ते अहवाल वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी शेडकडं बघितलं, मग पंडितकडं.

“जनरेटर का कुछ नहीं लिखा?”

“नहीं साहब.”

“ये ड्राइवर और भी मशीनों में गया है. मालूम है ना?”

“मालूम है.”

“तुमने लिख के दे दिया. अब मैं क्या करूँ बोलो?” आवाजात राग नव्हता. त्यामुळे रंगनाथला ते जास्त लागलं.

ठरलं ते असं. यंत्र परभणीतच राहील. ट्रक रिकामा परत जाईल. ड्रायव्हरचं काम दुसऱ्या माणसाकडं देण्यात येईल. खिल्लारे आजच जीपमधून हैदराबादला जातील. तिथं त्यांना यंत्र जोडणीच्या विभागात घेतलं जाईल, तारांच्या कामावर.

“साहब, एक दोपहर दीजिए,” पंडित म्हणाला. “तीसरी जगह बाकी है.”

“वो हमारा आदमी आके करेगा. गाडी में बैठो.”

चार वर्षं कविता वाचल्या होत्या रंगनाथनं. एक ओळ कामाला आली नाही. त्याला वाटत होतं, पंडित आता तरी सांगेल. शेड पन्नास पावलांवर होती. बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. पंडितनं पिशवी भरली. डबा रंगनाथच्या हातात दिला. “आईला सांग, यंत्र राहिलं. बाकीचं मी लिहून कळवतो.”

आश्रुबा शेडच्या दारात येऊन उभा होता. त्यानं नमस्कार केला. त्याला वाटलं, साहेबांना बढती मिळाली.

जीपचा हॉर्न वाजला. पंडित टेबलाशीच उभा होता. घडीचा कागद उघडा, हातात पेन्सिल. त्यानं तिसऱ्या जागेच्या जुन्या ओळी खोडल्या. नवी एक ओळ लिहिली. हॉर्न परत वाजला. त्यानं दुसरी लिहायला घेतली. राव साहेबांनी स्वतः हाक मारली तेव्हा तो गेला.

कागद टेबलावर आहे. पहिली जागा पुरी, तपासलेली. दुसरी पुरी, तपासलेली. तिसऱ्या जागेत दीड ओळ. तिच्यापुढं जुनं सगळं खोडलेलं आणि नवं अजून लिहायचं आहे. हैदराबादहून यायचा माणूस अजून आलेला नाही.